पहिल्या पानावरची चौकट

रजनीबाईंनी ‘मुसाकाठ’च्या दाराबाहेर पत्र्याची लाल तक्रारपेटी टांगली, त्या दिवशी हैदराबादच्या कोठी बाजारातल्या निम्म्या दुकानांना हसायला विषय मिळाला. जिन्याखाली जुनी पुस्तकं विकणाऱ्या सलीमभाईंनी मान वर करून विचारलं, “क्या बाई, पेपर बंद करके डाकखाना खोल रैं क्या?”

“पेपरात काही चुकीचं छापून आलं तर लोकांनी यात लिहून टाकायचं,” रजनीबाई म्हणाल्या.

“अरे बाप रे! फिर तो बड़ी पेटी लगाना था!”

हसा, हसून घ्या, असं मनात म्हणत त्यांनी खिळा आणखी आत ठोकला. कुणी हसलं की या बाईला दुप्पट चेव यायचा. पिढ्यान् पिढ्या वकिली आणि मास्तरकी करणाऱ्या हैदराबादी घरात वाढलेल्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. ‘मुसाकाठ’ या मराठी साप्ताहिकात तरुणपणी उपसंपादक म्हणून लागल्या आणि बातम्या, मुद्रितं नि मालकाचा राग हे तिन्ही सांभाळत तिथेच मुरल्या.

पेटीचं खूळ आलं होतं आबिड्सच्या एका हॉटेलातून. त्या वर्षांत शहरात रोज काही ना काही नवं उतरत होतं. घरोघरी केबलच्या तारा आल्या, पोरांच्या कमरेला पेजर आले, ‘मुसाकाठ’सारख्या पेपरातसुद्धा परदेशी फ्रिजची जाहिरात झळकली. मग परदेशी पाहुणे तरी मागे का राहतील? पत्रकारांच्या कुठल्याशा आंतरराष्ट्रीय संस्थेनं उर्दू, तेलुगू, मराठी अशा छोट्या पेपरवाल्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. शिकवायला आली होती डेन्मार्कची बिर्गिट. उंचीला ताडमाड, अंगात सुती कुर्ता. मिरची भजी खाऊन घळाघळा रडली आणि डोळे पुसून दुसरी मागितली. रजनीबाईंना ती तिथेच पटली.

तिचं म्हणणं सरळ होतं. पेपरानं सरकारला भिऊ नये, जाहिरातदाराला भिऊ नये. पण मग वाचकाला जाब विचारायला एक जागा हवी. ती पेपरानंच स्वतःहून दिली नाही, तर उद्या सरकार म्हणेल, थांबा, आम्हीच विचारतो जाब. म्हणून एक मंडळ नेमा, पेपरातला एक आणि वाचकांतले दोन. चूक ठरली की जिथे चूक छापली तिथेच, तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापा. आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्यानं न्याय करायला बसू नये.

सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायले, प्रमाणपत्रं घेऊन घरी गेले. रजनीबाई मात्र तडक नामदेवरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

नामदेवराव म्हणजे ‘मुसाकाठ’चे मालक आणि संपादक. मूळचे उदगीरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. निजामाच्या अमलात शिकायला हैदराबादला आले आणि चळवळीची पत्रकं वाटताना तुरुंगात गेले. तिथले अधिकारी त्यांना म्हणाले होते, माफीनामा लिहून दे, उद्या घरी जा. यांनी दिला नाही. त्या एका ‘नाही’वर माणसानं अख्खं आयुष्य उभं केलं होतं. पेपर काढला, वाढवला, कित्येकांशी भांडले. पण ‘मुसाकाठ’मध्ये माफी म्हणून कधी छापली नाही.

“करा की तुमचं मंडळ,” ते हसत म्हणाले. “आपल्याविरुद्ध तक्रार करतंय कोण? सगळे आपलेच लोक.”

वाचकांतून दोघं निवडली. मालनबाई, मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर अजून भले भले चष्मा पुसत उभे राहतात. आणि मुकुंदराव वकील, ज्यांना घरात भाजी चिरलेली कशी असावी यावरही दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय. पेपरातर्फे अर्थात रजनीबाई. पेटीत पहिल्या आठवड्यात काय पडलं? चॉकलेटचा कागद.

खरी तक्रार पेटीत पडलीच नाही. ती दोन पायांवर जिना चढून आली.

झालं असं. दिलसुखनगरात लक्ष्मणराव नावाचा आपलाच एक मराठी माणूस कोचिंग क्लास चालवत होता. परीक्षेचे पेपर आधीच विकतो म्हणून त्याला पोलिसांनी धरलं. बातमी पक्की होती, रजनीबाईंनी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन खात्री केली होती. पहिल्या पानावर ती घेतली आणि फोटोसाठी मधोमध चौकट सोडली. आता ‘मुसाकाठ’ची एक जुनी रीत होती. फोटो नेहमी उशिरा हाती येई. म्हणून चौकट रिकामी ठेवायची, खाली नाव लिहायचं आणि पानावर सही करून घरी जायचं. फोटो प्रेसमध्ये मागाहून चिकटायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फोटो असायचे तरी कुणाचे? मराठी मंडळाचे अध्यक्ष, नवरानवरी, नाहीतर नुकते वारलेले कुणी काका. संपादकापासून चहावाल्यापर्यंत ऑफिसात सगळ्यांना सगळे चेहरे पाठ.

या खेपेला फोटो शोधायचं काम प्राचीकडे आलं. प्राची नवी, कॉम्प्युटरवर पानं लावणारी, कामात चटपटीत. पण इंग्रजी शाळेतली; मराठी एकेक अक्षर लावून वाचायची, आणि जुनी माणसं तिला ठाऊक नव्हती. लक्ष्मणरावाच्या घरून फोटो मिळेना. तेव्हा तिनं ऑफिसच्या भिंतीवरची तसबीर उतरवली. मराठी मंडळाच्या एका जुन्या गणेशोत्सवातला तो सामूहिक फोटो. खाली स्टुडिओवाल्यानं नावं लिहिली होती, ‘उभे, डावीकडून’. प्राचीनं बोट ठेवून डावीकडून मोजलं, फोटो स्कॅन करून त्यातला दुसरा माणूस तेवढा कापून घेतला आणि प्रेसला पाठवला. तिनं अगदी बरोबर मोजलं होतं.

शनिवारी अंक निघाला. मथळा होता, ‘प्रश्नपत्रिका विकणाऱ्या क्लासचालकाला अटक’. त्याच्याखाली गालातल्या गालात हसत होते प्रभाकर सर.

प्रभाकर सर! गणिताचे मास्तर. दिलसुखनगरातच घरी शिकवण्या घ्यायचे, आणि एखाद्या पोरानं उत्तर चोरून लिहिलं तर त्याला रागवायच्या आधी स्वतःच खाली मान घालायचे. रजनीबाईंनी अंक उघडला नि फोटोखालचं नाव दोनदा वाचलं. रिकाम्या चौकटीखालची सही त्यांची होती.

सोमवारी सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला अंक. खुर्चीत बसले आणि अंक टेबलावर उलगडून ठेवला.

“मुलं येईनात शिकवणीला,” ते म्हणाले. “शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, थोडे दिवस घरीच थांबा. मी म्हटलं, अहो, खाली नाव बघा, दुसऱ्याचं आहे. ते म्हणाले, पालकांना मराठी कुठे वाचता येतं? तेलुगू माणसं आहेत ती. अटकेचं ऐकलं, फोटो बघितला, झालं. रजनीताई, शनिवारपर्यंत मला शाळेनं मुदत दिलीय. तोवर माझं नाव साफ झालं नाही तर ते दुसरा मास्तर घेणार.”

“साफ होईल,” रजनीबाई म्हणाल्या. “जिथे डाग लागला तिथेच धुतला जाईल. पहिल्या पानावर, तेवढ्याच जागेत. शब्द देते.”

शब्द दिला खरा, पण घोडं अडलं नामदेवरावांपाशी. ते ऐकून घेत होते तोवर ठीक होतं. ‘माफी’ हा शब्द आला आणि त्यांच्या भिवया ताठ झाल्या.

“आतल्या पानावर दोन ओळी टाकू. चुकीची दुरुस्ती म्हणून. पहिल्या पानावर माफी? नक्को. निजामाला नाही दिली ती आता द्यायची?”

“बाबा,” रजनीबाई म्हणाल्या, ऑफिसात सगळे त्यांना बाबाच म्हणायचे, “तेव्हा माफी मागायला लावणारं सरकार होतं. आता समोर प्रभाकर सर बसलेत. या दोन माफ्या एक कशा?”

“माफी ती माफी. मला शिकवू नका.”

“बरं. मंडळासमोर ठेवू. मंडळ म्हणेल ते मान्य?”

मंडळाला हो म्हटलं होतं नामदेवरावांनीच, आणि दिलेल्या शब्दाला ते पक्के होते. “ठेवा की,” ते गुरगुरले.

बुधवारी दुपारी बैठक भरली. नेमकी त्याच दिवशी बिर्गिट आली. आपण शिकवलेलं कुठवर रुजलं ते बघायला ती प्रत्येक पेपरच्या ऑफिसात एकेक चक्कर टाकत होती. नामदेवरावांनी तिला मानाची खुर्ची दिली, प्राचीला उस्मानिया बिस्किटं आणायला पिटाळलं आणि रजनीबाईंच्या कानाशी येऊन पुटपुटले, “पाहुण्यांसमोर घरचं भांडण काढायलात तुम्ही. काय म्हणेल ती बाई?”

“तिनंच शिकवलंय, बाबा. ती खूश होईल.”

टेबलामागे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मालनबाई बसल्या, मुकुंदराव बसले. तिसऱ्या खुर्चीपाशी येऊन रजनीबाई थांबल्या.

“मी इथे बसू शकत नाही. पानावर सही माझी आहे, तक्रार माझ्यावर आहे.” आणि त्या सरळ जाऊन प्रभाकर सरांच्या शेजारी बाकावर बसल्या. “पेपरातर्फे बाबांनी बसावं.”

मुकुंदरावांनी मान डोलावली. नामदेवरावांचा चेहरा खुलला. अहो, खुलेल नाही तर काय? न्यायाची खुर्चीच चालून आली होती. ते टोपी नीट करून ऐटीत बसले.

प्राचीला विचारलं. ती रडकुंडीला आली होती, तरी तिनं तसबीर टेबलावर ठेवली आणि ठामपणे सांगितलं, “मी डावीकडूनच मोजलं. दुसरे. बघा तुम्ही.”

सगळे वाकले. डावीकडून दुसरे खरोखर प्रभाकर सरच. खाली मात्र नाव लक्ष्मणरावाचं. नावाप्रमाणे सर उजवीकडून दुसरे हवे होते, आणि तिथे दात काढून उभा होता लक्ष्मणराव.

“इतकी वर्षं भिंतीवर आहे हे,” मुकुंदराव चष्मा वर करत म्हणाले. “कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?”

“नावं वाचतंय कोण?” नामदेवराव म्हणाले. “सगळे ओळखीचे. शिवाय हे वर्षच तसलं, बघा. त्या साली गणपती उजव्या सोंडेचा बसवला. म्हणून तर मंडळात भांडणं झाली.”

“कोण म्हणतं उजव्या सोंडेचा?” मालनबाई एकदम ताठ झाल्या. “धूलपेठेतून मूर्ती मी स्वतः निवडून आणली होती. डाव्या सोंडेचीच होती! भांडणं झाली ती तुमच्या भाषणामुळे.”

“फोटोत दिसतंय की उजवी...”

“द्या इकडे.” मालनबाईंनी तसबीर नाकाशी धरली आणि पुढच्या क्षणाला किंचाळल्याच, “अगं बाई! माझा पदर बघा! उजव्या खांद्यावर! मी जन्मात कधी उजव्या खांद्यावर पदर घेतलाय? आणि या सगळ्या पुरुषांचे खिसे उजवीकडे कसे?”

क्षणभर कुणाला काही उलगडेना. मग मुकुंदराव खो खो हसायला लागले. स्टुडिओवाल्यानं फोटोच्या निगेटिव्हची काच उलटी धरून छापली होती. डावं ते उजवं, उजवं ते डावं. इतकी वर्षं सगळ्यांनी त्या फोटोत स्वतःला बघितलं, गणपतीच्या सोंडेवर चर्चा झाल्या, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. प्रत्येकानं फक्त आपला चेहरा शोधला आणि पुढे गेला. रजनीबाईंनी बिर्गिटला सगळं इंग्रजीत सांगितलं. पदराचं सांगताना आपला पदर या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकून दाखवला. बिर्गिट हसून हसून लाल झाली.

सगळ्यांत मोठा सुस्कारा नामदेवरावांचा होता. त्यांनी टेबलावर थाप मारली. “झालं! चूक स्टुडिओची निघाली. आपण सुटलो. आतल्या पानावर तसं छापून टाकू, स्टुडिओनं काच उलटी धरली म्हणून.”

प्रभाकर सरांनी मान खाली घातली. ती बघून रजनीबाईंच्या डोक्यात सणक गेली. त्या उठून उभ्या राहिल्या.

“स्टुडिओनं पेपर काढला नाही. काढला आपण. फोटो उलटा असेल, पण चौकट रिकामी ठेवून मी सही केली. समोर चेहरा नसताना केली. प्रेसमध्ये जाऊन एकदा बघितलं असतं तर सरांना मी लांबून ओळखलं असतं. तेव्हा मंडळानं लिहावं, चूक रजनीची. पहिल्या पानावर माझं नाव छापा, मोठ्या अक्षरात. मला काही लाज नाही. लाज याची वाटेल, की हा माणूस घरी बसला आणि आपण स्टुडिओकडे बोट दाखवलं.”

नामदेवरावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग ते असे कडाडले की प्राचीच्या हातातलं बिस्कीट पडलं.

“तुमचं नाव? माझ्या पेपरात? शेवटच्या पानावर खाली कोणाचं नाव छापून येतं, संपादक म्हणून? तुमचं का माझं? या पेपरात चांगलं छापलं तर हार माझ्या गळ्यात पडतो, आणि चुकलं तर मी बाईमाणसाला पुढे करू? एवढा नालायक नाही झालो मी अजून! या पेपरातली चूक माझी. दुसऱ्या कोणाला ती करायचा हक्कच नाही!”

“मग पहिल्या पानावर?” मुकुंदरावांनी वकिली शांतपणे विचारलं.

“पहिल्या पानावर! तिथेच! तेवढ्याच चौकटीत!” नामदेवराव म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर एकदम थांबले. पण शब्द मागे घेणारा हा माणूस नव्हताच.

रजनीबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. हट्टी म्हातारा! ज्या ताठ्यानं माफी अडवली होती, त्याच ताठ्यानं ती दिली.

“सर, तुमचा फोटो चांगला मोठा टाकू,” मालनबाई म्हणाल्या. “प्रभाकर सर निर्दोष, असं लिहून.”

“नको,” प्रभाकर सर पहिल्यांदाच मान वर करून बोलले. “बाई, माझा फोटो पुन्हा नको. खालचं कुणी वाचणार नाही. त्या चौकटीत मला परत बघितलं की म्हणतील, अजून सुटला नाही वाटतं.”

हे मात्र खरं होतं. सगळे विचारात पडले. चौकट तर भरायची. मजकुरानं भरली तर दिलसुखनगरच्या पालकांना कळणार कसं? मुकुंदरावांनी बिर्गिटकडे बघितलं. तुमच्या देशात अशा वेळी काय करतात, असं विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे असं कधी झालं नाही. आणि हे ठरवणारी मी कोण? तुमचा पेपर, तुमचे वाचक.

“चुकलं कोण?” नामदेवराव हळू आवाजात म्हणाले. “ज्याची चूक, त्याचा फोटो. त्या चौकटीत मला बसवा. आणि खाली एक ओळ तेलुगूत टाका. आपल्या पेपरात तेलुगू आजवर छापलं नाही, पण ज्यांनी सरांना चोर समजलं त्यांना कळायला नको?”

मग प्रभाकर सर उठले आणि नामदेवरावांच्या पाया पडायला वाकले. नामदेवरावांनी त्यांचे खांदे धरले. “उलटं करायलात, सर. आज वाकायची पाळी माझी आहे.” आणि खरंच, तो म्हातारा त्यांच्यासमोर हात जोडून वाकला. रजनीबाईंना पुढचं नीट दिसेना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, डाव्या खांद्यावरचा.

फोटो बिर्गिटनं तिच्या कॅमेऱ्यात काढला. नामदेवरावांनी शर्टाची वरची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. “हसू का?” त्यांनी विचारलं. “अजिबात नाही,” मालनबाईंनी बजावलं.

शुक्रवारी रजनीबाई स्वतः प्रेसमध्ये जाऊन बसल्या. फोटो चौकटीत चिकटला, त्यांनी खिसा डावीकडेच आहे ना ते बघितलं, चेहरा बघितला, तेलुगू ओळ प्रेसवाल्याकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि मगच सही केली. ‘मुसाकाठ’मध्ये रिकाम्या चौकटीखाली सही करायची रीत त्या दिवसापासून बंद झाली.

शनिवारी अंक निघाला. पहिल्या पानावर मधोमध नामदेवराव, आणि खाली मराठीत नि तेलुगूत: ‘चूक यांची. प्रभाकर सर निर्दोष.’ सकाळपासून ऑफिसचा फोन खणखणत राहिला. नामदेवराव प्रत्येकाला मोठ्या आवाजात सांगत होते, “होय, मीच! पेपर माझा, चूक माझी!” माणूस असा रंगात आला होता की जणू सत्काराचंच वर्तमान छापलंय.

संध्याकाळी रजनीबाई दिलसुखनगरला गेल्या. सरांच्या दाराबाहेर पोरांच्या चपलांचा ढीग पडला होता आणि आतून पाढे ऐकू येत होते. शाळेतून दुपारीच बोलावणं आलं होतं, असं दारात आलेल्या त्यांच्या बायकोनं सांगितलं. रजनीबाई आत गेल्याच नाहीत. सर शिकवताना मध्ये कुणी आलेलं त्यांना खपत नाही.

सोमवारी त्या ऑफिसचा जिना चढायला लागल्या तसे सलीमभाई पुस्तकांच्या ढिगामागून उठले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, तेलुगूही नाही. हातात शनिवारचा अंक, नामदेवरावांच्या चेहऱ्यावर बोट, आणि डोळे भीतीनं विस्फारलेले.

“बाई, ये क्या हुआ? बुड्ढे कू पकड़ लिए क्या?”

“हौ, सलीमभाई,” रजनीबाई म्हणाल्या आणि जाता जाता लाल पेटीवर एक टिचकी मारली. “आम्हीच पकडलं.”